रत्नदुर्ग : बालेकिल्ला आणि जिल्ह्याचं मुख्यालय



चौथीच्या मुलांना घेऊन रत्नदुर्गावर गेले होते. भगवतीदेवीचं दर्शन झालं, डबे खाऊन झाले आणि एका मुलीने विचारलं, "बाई, इथे राजा कुठे राहायचा?" मी पटकन म्हणाले, "इथेच, बालेकिल्ल्यात." घरी आल्यावर लक्षात आलं की माझं उत्तर चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात ते दुरुस्त केलं. तोच पाठ आज इथे मांडते.

बालेकिल्ला म्हणजे काय?

किल्ल्यातला सर्वांत आतला, सर्वांत भक्कम भाग म्हणजे बालेकिल्ला. बाहेरचा कोट पडला तरी शेवटची झुंज इथून देता येते. रत्नदुर्गाचे तीन भाग आहेत. भगवती मंदिर असलेला बालेकिल्ला, खालचा पेठ किल्ला आणि दीपगृह असलेला भाग. हे दीपगृह इंग्रजांच्या काळातलं, 1867 सालचं आहे. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा असून तीन बाजूंना समुद्र आहे. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला एकच बाजू मोकळी मिळायची, आणि समुद्रातून येणारं गलबत वरून लांबूनच दिसायचं.

किल्ला मूळचा बहामनी काळातला मानतात. पुढे तो आदिलशाहीकडे होता. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला. नंतर आंग्रे, पेशवे आणि 1818 मध्ये इंग्रज असे त्याचे मालक बदलत गेले. मुलं सहज म्हणतात, "हा महाराजांनी बांधला." तिथे थांबवून "बांधला" आणि "जिंकला" यातला फरक सांगावा. जिंकला म्हटल्याने महाराजांचं मोठेपण कमी होत नाही.

मग राजा कुठे?

राजा इथे नव्हताच! महाराजांची राजधानी आधी राजगड, मग रायगड. रत्नदुर्गावर असायची ती शिबंदी, म्हणजे किल्ल्याची राखण करणारे लोक. बंदर आणि किनारा सांभाळणं हे त्यांचं काम.

मुख्यालय रत्नागिरीत कसं आलं?

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला. त्याचं मुख्यालय आधी बाणकोटला होतं. नकाशा उघडून मुलांना बाणकोट शोधायला सांगा. सावित्री नदीच्या मुखाशी, अगदी वरच्या टोकाला सापडेल. आता मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाने कचेरीच्या कामाला तिथवर जायचं म्हणजे किती दिवस मोडायचे? म्हणून 1822 मध्ये मुख्यालय मध्यावरच्या रत्नागिरीत आणलं.

या पाठाचा गाभा मला इथे सापडला. बालेकिल्ला बांधतात तो जिथे कुणाला सहज पोचता येऊ नये अशा जागी, आणि मुख्यालय ठेवतात ते जिथे सगळ्यांना पोचता यावं अशा जागी. रत्नागिरीत दोन्ही आहेत. किल्ला डोंगरावर, कचेरी गावात.

हीच गोष्ट पुन्हा घडली. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याचं मुख्यालय ना मालवणला ठेवलं, ना सावंतवाडीला. ते ओरोसला नेलं.

एक राजा मात्र आला होता

ब्रह्मदेशचा थिबा राजा. त्याची राजधानी मंडाले. तिथला राजवाडा चौकोनी तटाच्या आत, तटाला बारा दरवाजे आणि भोवती पाण्याचा रुंद खंदक. सपाट जमीन असल्यामुळे तिथे खंदक खणावा लागला. आपल्याकडे ते काम समुद्राने फुकटात केलं! पण एवढा तट असूनही 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी राजाला नजरकैदेत रत्नागिरीला आणलं. 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा आजही गावात उभा आहे. म्हणजे रत्नागिरीत राजा राहिला तो राज्य गेल्यावर, आणि तोही किल्ल्याच्या बाहेर.

वर्गात आणि घरी करून बघा

- जिल्ह्याच्या नकाशावर बाणकोट, रत्नागिरी, ओरोस या तीन जागांवर बिया ठेवा. मुख्यालय का हललं, हे मुलांनाच सांगू द्या.
- ओल्या वाळूत रत्नदुर्गाची नाल करा. शत्रू कुठून येईल, ते मुलांना बोट ठेवून दाखवू द्या.
- पालकांनी पुढच्या वेळी गडावर गेल्यावर दीपगृहाकडून मिरकरवाडा बंदर दाखवावं आणि विचारावं, "पहारेकरी तू असतास तर कुठे उभा राहिला असतास?"

आपल्या मुलांना वाटतं, इतिहास रायगडावर घडला आणि आपल्या गावात फक्त सहल होते. तो समज मोडायचा असेल तर आधी आपली उत्तरं तपासून घ्यायला हवीत. मुलांसमोर "बाईंचं काल चुकलं होतं" असं म्हटलं तेव्हा वर्ग हसला. पण त्या दिवशी प्रश्न नेहमीपेक्षा जास्त आले.