‘ट्रॉन’ शेपटीचे शब्द

इंग्रजी शब्दकोश उघडा आणि टी, आर, ओ, एन ही चार अक्षरे याच क्रमाने ज्यांत येतात असे शब्द शोधा पाहू. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन, पॉझिट्रॉन हे तुम्हाला लगेच आठवतील. मागोमाग सायक्लोट्रॉन आणि मॅग्नेट्रॉन येतील. थोडे अधिक शोधले तर रुग्णालयातली मेट्रन सापडेल, आश्रयदाता या अर्थाचा पेट्रन सापडेल, बळकट या अर्थाचा स्ट्राँग सापडेल आणि खगोलशास्त्राचे ॲस्ट्रॉनॉमी हे नावही सापडेल! अक्षरे तीच, पण म्हणून हे सारे शब्द एका घरचे आहेत का?

मुळीच नाहीत. मेट्रन लॅटिनमधल्या ‘माता’ या अर्थाच्या शब्दावरून आली, तर पेट्रन ‘पिता’ या अर्थाच्या शब्दावरून. ॲस्ट्रॉनॉमीची फोड तारा व नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांत होते. शब्द फोडायचा तो अक्षरे मोजून नव्हे, तर मूळ पाहून. असे केले नाही तर काय होते, ते आता भौतिकीतच पाहू.

तृणमणी लोकरीवर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो, म्हणून तर त्याचे हे नाव! या तृणमण्याला ग्रीक भाषेत ‘एलेक्ट्रॉन’ म्हणत. त्यावरून विजेला इलेक्ट्रिसिटी हे नाव मिळाले. पुढे १८९१ मध्ये जॉर्ज स्टोनी यांनी विद्युत्‌भाराच्या मूळ एककाला इलेक्ट्रॉन असे नाव सुचवले. जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये तो कण शोधला आणि नाव त्याला चिकटले. १९२० मध्ये रदरफर्ड यांनी ‘पहिला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून प्रोटॉन हे नाव दिले. १९३२ मध्ये चॅडविक यांनी शोधलेल्या न्यूट्रॉनच्या नावामागे ‘दोहोंपैकी कोणताही नाही’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे; कारण या कणावर धनभार नाही आणि ऋणभारही नाही.

आता नीट पाहा. या तिन्ही नावांत कण दाखवणारा प्रत्यय आहे तो फक्त ‘ऑन’. इलेक्ट्रॉन व न्यूट्रॉन यांतले ‘ट्र’ आणि प्रोटॉनमधला ‘ट’ हे मूळ शब्दांचे आहेत. पण ऐकणाऱ्याला वाटते की ‘ट्रॉन’ म्हणजेच कण! पॉझिट्रॉन हे नाव असेच घडले. पॉझिटिव्ह या शब्दाचे डोके आणि इलेक्ट्रॉनचे शेपूट!

यावरून पुढे एक गमतीदार वाद झाला. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत अँडरसन व नेडरमायर यांना विश्वकिरणांत एक नवा कण आढळला. तो इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका होता. ‘मेसो’ म्हणजे मधला, म्हणून त्यांनी ‘मेसोटॉन’ हे नाव ‘नेचर’ या नियतकालिकाला कळवले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी मिलिकन यांना ते पसंत पडले नाही. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन यांप्रमाणे मेसोट्रॉन हवे, असे ते म्हणाले. अँडरसन यांनी प्रोटॉनचा दाखला दिला, पण अखेर तार करून एक ‘आर’ मागाहून पाठवण्यात आला!

हे अक्षर खटकले ते मुंबईत जन्मलेल्या एका तरुण शास्त्रज्ञाला. त्यांचे नाव होमी भाभा. ते तेव्हा केंब्रिजमध्ये होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी त्याच ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की इलेक्ट्रॉन व न्यूट्रॉन यांतले ‘ट्र’ त्यांच्या मूळ शब्दांचे आहे. ‘मेसो’मध्ये ते नाहीच. म्हणून मेसॉन हे नाव अधिक तर्कशुद्ध आणि आटोपशीरही. आज जगभर मेसॉन हाच शब्द वापरतात.

मग सायक्लोट्रॉनमधले ‘ट्रॉन’ कोणते? ते कणाचे नव्हे, साधनाचे. ग्रीक भाषेत साधन दाखवणारा ‘ट्रॉन’ असा प्रत्यय आहे. नांगराला ग्रीक शब्द ‘आरोट्रॉन’. तुम्हाला तो परका वाटायचे कारण नाही. संस्कृतातला ‘त्र’ हा त्याचा सख्खा भाऊ! खणायचे साधन ते खनित्र, नेणारे ते नेत्र, ज्यातून प्यायचे ते पात्र. हाच ग्रीक प्रत्यय घेऊन १९१५ च्या सुमारास एका निर्वात नळीला केनोट्रॉन हे नाव दिले गेले आणि पुढे अशा नावांची रांगच लागली. मॅग्नेट्रॉनमध्ये चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने सूक्ष्मतरंग निर्माण होतात; दुसऱ्या महायुद्धात तो रडारमध्ये होता, आज मायक्रोवेव्ह भट्टीत आहे. सायक्लोट्रॉनमध्ये भारित कण चक्राकार फिरवून वेगवान करतात. कोलकात्याला असे यंत्र आहे, तर इंदूरला सिंक्रोट्रॉन आहेत.

म्हणजे ‘न्यूट्रॉन हे यंत्र आहे’ किंवा ‘सायक्लोट्रॉन हा कण आहे’ असे कोणी उत्तरपत्रिकेत लिहिले, तर त्याने शब्दाचे फक्त शेपूट पाहिले असे समजावे!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या कणावरून हा वाद झाला, तो आजच्या अर्थाने मेसॉन नाहीच. १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाय-मेसॉन सापडला, तेव्हा स्पष्ट झाले की आधीचा कण वेगळ्या जातीचा आहे. त्याला आज म्यूऑन म्हणतात. मेसॉन म्हणजे एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क मिळून झालेला कण. ‘मधल्या वजनाचा’ ही जुनी अट आता उरली नाही. शब्दाचे मूळ कळले की तो लक्षात राहतो, पण त्याचा आजचा अर्थ प्रयोगच ठरवतात.

आता तुमची पाळी. बीटाट्रॉन आणि क्लायस्ट्रॉन यांत कण कोणता आणि साधन कोणते, की दोन्ही एकाच गटातले? शिक्षकांनी वर्गात फळ्यावर दोन रकाने आखून द्यावेत. आधी तर्क करा, मगच कोश उघडा!