मागचे केस पुढे

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत. आहेत तेच मागून पुढे येतात. पुण्यातल्या एका दवाखान्यात परिचारिका म्हणून मी प्रत्येक पेशंटला हे आधी सांगते.

पुरुषांना आनुवंशिक टक्कल पडतं तेव्हा डीएचटी या संप्रेरकामुळे कपाळावरची आणि टाळूवरची मुळं क्षीण होत जातात. डोक्याच्या मागच्या केसांना त्याची झळ सहसा लागत नाही आणि जागा बदलली तरी त्यांचा हा गुण टिकतो. जागा बदलली तरी गुण टिकतो, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्रिच यांनी १९५९ साली मांडलं. त्या काळी चार मिलिमीटरचे गोल तुकडे लावत, त्यामुळे झुपके उठून दिसत. आता जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. त्यात एक ते चार केस असतात.

भूल स्थानिकच असते, त्यामुळे पेशंट आमच्याशी गप्पा मारत असतो. काढलेले ग्राफ्ट आम्ही थंड सलाइनमध्ये ठेवतो. सुकलं किंवा चिमट्यात चिरडलं, तर मूळ गेलंच. एका केसाचे ग्राफ्ट अगदी पुढच्या ओळीत, दोन-तीन केसांचे त्यामागे. तरच कपाळ नैसर्गिक दिसतं. लावलेले केस बहुतेक महिनाभरात गळतात. पेशंट धास्तावून फोन करतात. पण मूळ आतच असतं. तीन-चार महिन्यांनी केस फुटू लागतात आणि खरा परिणाम दिसायला वर्ष जातं.

मध्यंतरी बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली. "सिस्टर, याच्या लग्नाचं बघतोय. लाइन जरा खालीच घ्यायला सांगा ना डॉक्टरांना."

"ताई, मागचा साठा मोजकाच असतो," मी म्हटलं. "आज सगळा पुढे लावला आणि मधले केस नंतर गळत राहिले, तर चाळिशीत पुढे केसांची पट्टी नि तिच्यामागे टक्कल. तेव्हा लावायला काही उरणार नाही."

डॉक्टरांनीही शस्त्रक्रियेला नकार दिला, औषधं सुरू केली. मिनॉक्सिडिल, फिनास्टराइड यांनी गळती बऱ्याच जणांची आटोक्यात राहते. ही औषधं मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

स्वस्त पॅकेजच्या जाहिराती ग्राफ्टचा आकडा सांगतात. तुम्ही विचारा: शस्त्रक्रिया कोण करणार? डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतील का? पुढच्या वीस वर्षांसाठी मागे किती साठा राखणार? सरळ उत्तर मिळालं नाही, तर आगाऊ रक्कम भरू नका.