सोसायटीचा कारभार : तारखा पाळा, प्रशासक टाळा

सोलापूर, विशेष प्रतिनिधी

कुंभारी येथील रे नगर वसाहतीतील १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्याआधी २००६ मध्ये याच परिसरात कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली होती. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने झालेल्या या दोन्ही वसाहतींमुळे सहकारी गृहनिर्माणाच्या नकाशावर सोलापूरला वेगळे स्थान मिळाले. मात्र घराची किल्ली हाती आली म्हणजे सारे संपले, असे नाही. खरा कारभार तेथूनच सुरू होतो. विडी कामगारांची संस्था असो की जुळे सोलापुरातील बारा सदनिकांची सोसायटी, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० दोघींनाही सारखाच लागू आहे.

सन २०१९ मध्ये या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी ‘तेरा-ब’ हे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. त्यामुळे नियम पुष्कळ झाले, अशी पदाधिकाऱ्यांची भावना असते. प्रत्यक्षात वर्षभरातील मोजक्या तारखा सांभाळल्या, तर बहुतेक कटकटी टळतात.

दोन तारखा महत्त्वाच्या

संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पूर्ण व्हावे लागते. लेखापरीक्षक शासनमान्य नामतालिकेतीलच असावा लागतो आणि त्याची नेमणूक वार्षिक सर्वसाधारण सभा करते. सेक्रेटरींनी ओळखीच्या हिशेबनिसाकडून वह्या तपासून घेतल्या, तर ते कायदेशीर लेखापरीक्षण ठरत नाही. अहवालात दोष दाखविलेले असल्यास तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल सादर करावा लागतो.

दुसरी तारीख ३० सप्टेंबर. तोपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे. आदर्श उपविधीनुसार सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती होय. वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित हिशेब, उपविधीतील दुरुस्त्या तसेच सभा व निवडणुकीबाबतचे निवेदन ही विवरणपत्रेही याच मुदतीत निबंधकांकडे सादर करावयाची असतात. नेमलेल्या लेखापरीक्षकाचे नाव व त्याची लेखी संमती सभेनंतर महिन्याभरात कळवावी लागते.

सभा वेळेत न घेतल्यास जबाबदार पदाधिकारी पाच वर्षांपर्यंत निवडणुकीस अपात्र ठरू शकतात.

निवडणूक टाळली तर?

व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते. ‘आमच्याकडे सगळे एकमताने चालते, निवडणूक कशाला?’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही. बिनविरोध निवड झाली तरी विहित कार्यपद्धती पूर्ण करून त्याचे कागद दप्तरी ठेवावे लागतात. २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना नियमांनुसार स्वतः निवडणूक घेण्याची मुभा आहे. त्याहून मोठ्या संस्थांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, तर निबंधक प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. समितीने कर्तव्यात वारंवार कसूर केल्यास ती बरखास्त होऊन प्रशासक येऊ शकतो. मग आपल्याच इमारतीच्या खर्चाचे निर्णय बाहेरची व्यक्ती घेते.

आकारणीलाही मर्यादा

सर्वाधिक तक्रारी पैशांवरून होतात. सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. घर भाड्याने दिल्यास घेतले जाणारे बिनभोगवटा शुल्क १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. सेवा शुल्क महिना ६०० रुपये असेल, तर हे शुल्क जास्तीत जास्त ६० रुपये. सदनिका हस्तांतराचे अधिमूल्य महापालिका क्षेत्रात कमाल २५ हजार रुपये आहे. ‘ऐच्छिक देणगी’ या नावाखाली त्याहून अधिक रकमेची सक्ती करता येत नाही. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के, तर सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी जमा करणे आदर्श उपविधीत अपेक्षित आहे.

वारस आणि जमीन

सभासदाचे निधन झाले की कागदपत्रांची खरी परीक्षा होते. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप घराची मालक होत नाही. २०१९ च्या तरतुदीनुसार कायदेशीर वारस ठरेपर्यंत तिला तात्पुरते सभासदत्व मिळते. मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र यांच्या आधारे पुढील हस्तांतर होते. आईच्या नावावरील घर मुलांमध्ये वादाचे कारण होऊ नये, असे वाटत असेल तर नामनिर्देशन आणि ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवही अद्ययावत ठेवणे हाच उपाय आहे.

बिल्डरने बांधलेल्या इमारतींपुढे आणखी एक प्रश्न असतो, तो जमिनीच्या मालकीचा. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ (मोफा) नुसार संस्था नोंदल्यानंतर चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून देणे ही बिल्डरची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केल्यास २००८ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. जमीन संस्थेच्या नावे नसेल, तर जुनी इमारत पाडून नवी बांधण्याची वेळ येते तेव्हा रहिवाशांची मोठी अडचण होते.

सभासदांचीही जबाबदारी

सारा दोष समितीवर ढकलूनही चालणार नाही. सभेला न जाणारा, इतिवृत्त न वाचणारा आणि देखभाल खर्च थकविणारा सभासदही तितकाच जबाबदार असतो. हिशेब व इतिवृत्ताच्या प्रती शुल्क भरून मिळविण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिला आहे. येत्या सभेची सूचना हाती पडेल तेव्हा ती घडी करून ठेवून देण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल कोठे आहे? उत्तर लगेच मिळाले, तर संस्था योग्य मार्गावर आहे असे समजण्यास हरकत नाही.