पर्यावरण-प्रबोधनाचे अनुबोधपट आणि त्यांचा प्रेक्षक

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगेच्या काठचे गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी ही नदी मेहकरवरून पुढे जाऊन अखेरीस वर्धेस मिळते. या साऱ्या प्रदेशाखाली काळ्या बसाल्ट खडकाचे थर आहेत. हा खडक मुळात घट्ट. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांत, तेही बेताचेच. म्हणून लगतच्या दोन शेतांतील विहिरींची गत सारखी असेलच असे नाही. ही गोष्ट शेतकऱ्याच्या नित्य अनुभवाची असली, तरी तिचे कारण जमिनीच्या पोटात असल्यामुळे त्याच्या दृष्टीस पडत नाही. पर्यावरणाच्या बहुतेक प्रश्नांचे स्वरूप असेच आहे: कारण अदृश्य किंवा अतिशय संथ, आणि परिणाम मात्र दारात येऊन ठेपलेला. जे डोळ्यांस दिसत नाही ते दाखविण्याचे सामर्थ्य अनुबोधपटापाशी आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु ते दाखवून झाल्यावर पुढे काय घडते, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झालेला दिसतो. नफ्याची अपेक्षा न धरता असे पट काढणाऱ्या संस्थांच्या कार्याचे मूल्यमापन वस्तुतः याच प्रश्नापाशी सुरू व्हावयास हवे.

भारतात अनुबोधपटाची परंपरा प्रथम शासकीय होती. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे पट चित्रपटगृहांतून मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे दीर्घकाळ बंधनकारक होते. या व्यवस्थेने असंख्य प्रेक्षक मिळवून दिले. पण जो पट साऱ्या देशास उद्देशून असतो तो बहुधा कोणासच उद्देशून नसतो. पुढे पर्यावरणाचा विषय ऐरणीवर आल्यावर बिनसरकारी संस्था या क्षेत्रात उतरल्या. १९८४ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेला ‘टेलिव्हिजन ट्रस्ट फॉर द एन्व्हायरन्मेंट’ हा त्यांतील एक प्रमुख प्रयत्न होय. अशा संस्थांना शासनाचा आदेश नाही आणि तिकीटविक्रीची चिंता नाही. देणगीदाराची मर्जी मात्र आहे, आणि ती काही कमी जाचक नसते.

पटाचा प्रेक्षक कोण, हे ठरल्याने काय साधते याचे उदाहरण म्हणून माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या पटाकडे पाहता येईल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या जगातील सर्वांत मोठ्या माशाची जी शिकार चाले, तिचे चित्रण या पटात आहे. २००० साली तो प्रसिद्ध झाला आणि २००१ साली या माशास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. येथे पटाचा खरा प्रेक्षक म्हणजे कायदा करणारे शासन होते. तथापि कायद्याने कोळ्याचे मन वळत नाही, की त्याचे फाटलेले जाळेही शिवून मिळत नाही. त्यासाठी पुढे वन्यजीव-संस्थेस मोरारीबापूंच्या वाणीचे साहाय्य घ्यावे लागले. माहेरी आलेल्या लेकीची उपमा त्यांनी या माशास दिली, आणि जो पूर्वी ‘बॅरल’ म्हणून ओळखला जाई तो ‘वहाली’ म्हणजे लाडकी झाला. मासा सोडविताना जाळे कापावे लागल्यास भरपाई देण्याची तरतूद गुजरातच्या वनखात्याने केली. पटाने जे काम आरंभिले ते उपमेने व भरपाईने पुरे केले, असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात या दृष्टीने अधिक अभ्यसनीय असे उदाहरण ‘पाणी फाउंडेशन’चे आहे. ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी-मालिकेमागील मंडळींनी, म्हणजे आमिर खान, किरण राव, सत्यजित भटकळ प्रभृतींनी, २०१६ साली ही संस्था काढली. मूळचा व्यवसाय चित्रणाचा असल्यामुळे पाणलोटविकासासारखा रूक्ष विषय दृश्य रूपात मांडण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. तांत्रिक ज्ञानाचे पाठबळ ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ या संस्थेने पुरविले. ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावांची स्पर्धा वरूड, कोरेगाव व अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१७ साली तालुक्यांची संख्या ३० झाली व २०१८ साली ७५ वर गेली. प्रत्येक गावातून निवडलेल्या स्त्रीपुरुषांस निवासी प्रशिक्षण देण्यात येई, आणि त्यात पटांचा उपयोग शिक्षकासारखा केला जाई. माथ्याकडून पायथ्याकडे काम का करावे, समतल रेषा कशी आखावी, चर किती खोल घ्यावा, हे पडद्यावर पाहावयाचे आणि दुसऱ्या दिवशी शिवारात जाऊन करून पाहावयाचे. अशा पटात निसर्गसौंदर्याचे चित्रण थोडे आणि कुदळीचे अधिक असते. रसिकांस तो कदाचित कंटाळवाणा वाटेल. पण पाहणारा ज्या कृतीसाठी बसला आहे ती त्यास नेमकी दाखविली जाते, हे त्याचे बलस्थान आहे. २०१८ च्या स्पर्धेत बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावास संयुक्तपणे दुसरा क्रमांक मिळाला. मोताळा तापीच्या खोऱ्यात आणि मेहकर गोदावरीच्या खोऱ्यात. जिल्हा एकच असला, तरी एका उताराचे तंत्र दुसऱ्या उतारास जसेच्या तसे लावता येत नाही, हेही येथे ध्यानी घ्यावयास हवे.

या यशातच एक मर्यादा दडलेली आहे. श्रमदान हे कॅमेऱ्यास अतिशय प्रिय असते. पहाटेच्या उजेडात रांगेने चालणारी माणसे, पहिल्या पावसानंतर तुडुंब भरलेला चर, ही चित्रे आपोआप परिणामकारक होतात. याउलट रात्री वीज आल्यावर चालू होणारा विद्युतपंप, दरवर्षी खोल जाणारी कूपनलिका, किंवा अधिक पाणी पिणाऱ्या पिकाची निवड यांचे चित्रण दुष्कर असते. त्यांत नाट्य नाही आणि शेजाऱ्यावर ठपका येण्याची भीती मात्र आहे. पाणी अडविणे दिसते, उपसणे दिसत नाही. बसाल्टाच्या प्रदेशात तर साठ्याची जागाच थोडी. तेव्हा साठविलेले पाणी कोणी व किती उपसावे याचा निर्णय झाला नाही, तर चर कितीही खणले तरी चैत्रातील टंचाई टळत नाही. स्पर्धेच्या गुणांत पुढे गावाच्या पाण्याच्या ताळेबंदास स्थान मिळाले व २०२२ पासून संस्थेने गटशेतीकडे लक्ष वळविले, त्याचा अर्थ या संदर्भात लावता येतो.

दृश्य आणि अदृश्य यांतील हीच ओढाताण मेहकरच्या शेजारी, पूर्वी मेहकर तालुक्यातच मोडणाऱ्या लोणार येथे अधिक स्पष्टपणे दिसते. उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील हे क्षारयुक्त सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे काही दिवसांत जगभर पोहोचली. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्यामुळे लवणप्रिय सूक्ष्मजीव वाढले व त्यांच्या रंगद्रव्याने पाण्यास तो रंग आला, असा निर्वाळा शास्त्रज्ञांनी दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा लाभला. रंग ओसरला तसे बाहेरच्या जगाचे कुतूहलही ओसरले. मात्र काठावर माजलेली वेडी बाभूळ, वस्तीकडून येणारे सांडपाणी, धारेच्या गोड्या पाण्याने तळ्याच्या क्षारतेत होणारा बदल, हे विषय जेथल्या तेथे राहिले. त्यांचे चित्रण करावयाचे तर एकाच जागी कॅमेरा ठेवून निदान तीन-चार पावसाळे थांबावे लागेल. आणि देणगीदाराचे वर्ष तर मार्चअखेरीस संपते.