काशीच्या मध्यवस्तीतील नव्या बागा आणि लोकमत

वाराणसीच्या मध्यवस्तीत २०२१ च्या डिसेंबर महिन्यात अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने दोन मोठ्या मोकळ्या जागा लोकांसाठी खुल्या झाल्या. १३ डिसेंबरला श्री काशी विश्वनाथ धामाच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. मंदिर आणि गंगा यांच्या दरम्यान एक विस्तीर्ण प्रांगण त्यामुळे निर्माण झाले. २३ डिसेंबरला बेनियाबागेतील भूमिगत वाहनतळ आणि त्याच्या छतावरील नव्या उद्यानाचे उद्घाटन झाले.

मराठी माणसाने बांधलेल्या मुन्शी घाटापासून या दोन्ही जागा पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्याविषयी शहरात एकमत नाही. काहींच्या मते गुदमरलेल्या नगरीला श्वास घेण्यास जागा मिळाली. काहींच्या मते जुन्या वस्तीची किंमत देऊन ती मिळाली. हा वाद केवळ काशीपुरता नाही. पंढरपूर, नाशिक आणि मुंबई येथेही असेच प्रश्न उभे राहिले आहेत. शहराच्या मध्यभागी मोकळी जागा कशी असावी, हे ठरवताना मत कोणाचे घ्यायचे, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

मुन्शी घाट आणि मराठी काशी

नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ साली हा घाट आणि त्यावरील महाल उभारला. १९१५ साली दरभंगा संस्थानाने त्याचा काही भाग विकत घेतला व तो भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. नदीकडे तोंड करून उभा असलेला वालुकाश्माचा हा भव्य महाल आता हॉटेल झाला आहे. शेजारीच अहिल्याबाई घाट असून त्यापलीकडे दशाश्वमेध घाट आहे. उत्तरेकडे भोसले घाट आणि शिंदे घाट लागतात. विश्वनाथाचे सध्याचे मंदिरही अहिल्याबाई होळकर यांनी १७८० साली बांधविले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीच्या नदीकाठाला जे रूप आले, त्यात मराठी सरदार आणि पेशवे यांच्या देणग्यांचा वाटा फार मोठा होता.

या घाटांचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावयास हवे. महालाची मालकी बदलली, वापरही बदलला. परंतु त्याच्या पायथ्याच्या पायऱ्या सर्वांच्याच राहिल्या. स्नान, तर्पण, कुस्ती, गप्पा किंवा संध्याकाळचा निवांतपणा, कशासाठीही तेथे तिकीट नाही आणि दारही नाही. दाट वस्तीच्या या शहरात घाट हेच खरे सार्वजनिक प्रांगण होते. त्यामुळे नव्या जागेची तुलना बनारसचा रहिवासी नकळत घाटाशीच करतो.

तळी बुजली, बागा झाल्या

पुराणांनी काशीला आनंदवन म्हटले आहे. वनांची आणि तळ्यांची ही नगरी एकोणिसाव्या शतकात झपाट्याने बदलली. जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी १८२० साली येथील टांकसाळीत रुजू झाला आणि सुमारे दहा वर्षे काशीत राहिला. पुढे ब्राह्मी लिपीच्या वाचनामुळे त्याचे नाव जगभर झाले. काशीत त्याने शहराचा नकाशा तयार केला, लोकसंख्या मोजली आणि सांडपाण्यासाठी भुयारी नाला खोदविला. त्या नाल्यामुळे मध्यवस्तीतील काही जुनी तळी रिकामी झाली. मत्स्योदरीच्या परिसरात विश्वेश्वरगंज ही बाजारपेठ वसली. मंदाकिनी, म्हणजे आजचे मैदागिन, आक्रसले व तेथे कंपनीबाग झाली. बेनिया तळ्याचेही पुढे मैदान आणि बाग झाली.

दशाश्वमेधाकडे जाणाऱ्या गजबजलेल्या गोदौलिया चौकाचे नावही पाण्याशी जोडलेले आहे. येथून वाहणाऱ्या ओढ्याला काशीकर गोदावरी म्हणत व त्यावरून हे नाव पडले, असे मानले जाते.

पुण्याच्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. सारसबागही मुळात पर्वतीच्या पायथ्याचे तळेच होते, आणि म्हणूनच तेथील गणपतीला आजही तळ्यातला गणपती म्हणतात. तळ्याची बाग झाली, हे पुढच्या पिढीला वरदान वाटते. बुजलेल्या पाण्याची आठवण असणारी पिढी तेव्हा उरलेली नसते. लोकमत काळाबरोबर असे बदलते.

छतावरची बाग

बेनियाबागेच्या नव्या उद्यानाला समाजवादी नेते राजनारायण यांचे नाव आहे. १९७७ साली रायबरेलीत इंदिरा गांधी यांचा पराभव करणारे राजनारायण वाराणसी परिसरातलेच. हे मैदान अनेक दशके राजकीय सभांसाठी परिचित होते. आता तेथे खाली वाहने उभी राहतात आणि वर हिरवळ, पदपथ व बसण्याच्या जागा आहेत.

या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. गोदौलिया आणि चौक भागात मोटार उभी करण्यास जागा नव्हती. वाहने रस्त्यावरून हटली, तर पादचाऱ्याला वाट मिळते. सकाळी फिरावयास जाणारे वृद्ध, मुलांना घेऊन येणाऱ्या स्त्रिया आणि अरुंद घरांत राहणारी कुटुंबे यांना स्वच्छ, दिवाबत्ती असलेली बाग मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. नगर नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असणे अपेक्षित आहे. देशातील बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यवस्तीत याच्या आसपासही जागा नसते.

मात्र अशा बागेच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. भूमिगत वाहनतळावरील उद्यान हे तांत्रिकदृष्ट्या जमिनीवरचे नसून इमारतीच्या छतावरचे असते. काँक्रीटच्या थरावर माती टाकलेली असते आणि तिची खोली मर्यादित असते. हिरवळ, झुडपे व फुलझाडे तेथे चांगली वाढतात. परंतु वड, पिंपळ किंवा कडुनिंब यांसारख्या वृक्षांच्या मुळांना खोल जाण्यास वाव नसतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी नळांवाटे बाहेर काढावे लागते. छताची गळती रोखण्यासाठी देखभाल सतत करावी लागते. सावली देणारे मोठे झाड नसलेली बाग उत्तर भारताच्या मे महिन्यात दुपारी ओस पडते.

दुसरा मुद्दा वापराचा आहे. मैदानावर सभा, खेळ, जत्रा, काहीही होऊ शकते. आखीव उद्यानात वेळा आणि नियम येतात. एकाला यात शिस्त दिसते, तर दुसऱ्याला आपली हक्काची जागा आकुंचित झाल्याचे वाटते.

प्रांगण आणि हरवलेल्या गल्ल्या

विश्वनाथ धामाचा वाद अधिक तीव्र होता. ८ मार्च २०१९ रोजी भूमिपूजन झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यावर सुमारे ३३९ कोटी रुपये खर्च झाले. सरकारी माहितीनुसार पूर्वी सुमारे ३,००० चौरस फुटांत सामावलेला परिसर सुमारे ५ लाख चौरस फुटांपर्यंत विस्तारला. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता खरेदी करण्यात आल्या आणि सुमारे १,४०० दुकानदार, भाडेकरू व घरमालकांचे पुनर्वसन करण्यात आले. पाडकामाच्या वेळी घरांच्या भिंतींआड दडलेली ४० हून अधिक जुनी मंदिरे प्रकाशात आली.

यात्रेकरूंच्या दृष्टीने बदल मोठा आहे. चेंगराचेंगरीची भीती असलेल्या बोळांऐवजी आता रुंद मार्ग आहे. नदीतून थेट मंदिराकडे येता येते. अपंग आणि वृद्ध भाविकांची सोय झाली आहे. अहिल्याबाईंचा पुतळाही या प्रांगणात उभारण्यात आला आहे.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. २०१८ साली स्वामी अविमुक्तेश्वरानंद यांच्यासह काही धर्माचार्य आणि रहिवासी आंदोलनात उतरले. गल्ली हा काशीचा अडथळा नसून तोच तिचा आत्मा आहे, अशी त्यांची भूमिका होती. लाहोरी टोल्यासारखी जुनी वस्ती नाहीशी झाली. १८७२ साली स्थापन झालेल्या कारमायकल ग्रंथालयाची इमारतही राहिली नाही. घरमालकाला मोबदला मिळतो. पण शेजार, गिऱ्हाईक आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पूजेची घरे यांचा मोबदला कसा ठरवायचा, हा प्रश्न भाडेकरू व छोट्या दुकानदारांना अधिक बोचला.

लोकमत नेमके कोणाचे?

नव्या जागेत उभ्या असलेल्या माणसांना विचारले, तर बहुतेक जण समाधानच व्यक्त करतील. कारण ज्यांना ती जागा आवडते, तेच तेथे येतात. जे घर सोडून शहराच्या कडेला गेले, ते अशा पाहणीत सापडत नाहीत. यात्रेकरू वर्षातून एकदा येतो. रहिवासी रोज राहतो. मोटार असलेल्यास वाहनतळ हवा असतो. हातगाडीवाल्यास उभे राहण्यापुरता रस्ता हवा असतो. म्हणून बहुमत मोजणे पुरेसे ठरत नाही. झळ कोणाला किती बसते, हेही पाहावे लागते.

कायद्यात यासाठी काही तरतुदी आहेत. विकास आराखड्यावर नागरिकांना हरकती व सूचना नोंदविता येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सक्तीच्या संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी यांची तरतूद आहे. विश्वनाथ धामासाठी मात्र मालमत्ता प्रामुख्याने परस्पर संमतीने विकत घेण्यात आल्या. या मार्गाने काम लवकर होते. परंतु प्रत्येक मालकाशी स्वतंत्र बोलणी होत असल्याने सगळ्या मोहल्ल्याने एकत्र बसून आपले मत मांडावे, असा प्रसंग त्यात येत नाही.

उद्यानांबाबत उत्तर प्रदेशात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला पार्कचा खटला या संदर्भात महत्त्वाचा आहे. तेथे बागेखाली व्यापारी संकुल बांधण्याचे काम महापालिकेने खासगी बांधकाम कंपनीला दिले होते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा व्यवहार बेकायदा ठरविला. संकुलाचा मोठा भाग पाडून बाग पूर्ववत करावी आणि उरलेल्या भागात वाहनतळ करावा, असा आदेश देण्यात आला. सार्वजनिक बाग ही महापालिकेची मालमत्ता नसून जनतेच्या वतीने सांभाळलेली ठेव आहे, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले.

बनारसला विरोध नवा नाही

काशीचे लोक प्रशासनाचे निर्णय मुकाट्याने स्वीकारतात, असा इतिहास नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८१० साली घरपट्टी लादली, तेव्हा शहराने दुकाने बंद ठेवली. हजारो लोक घरे सोडून उघड्या मैदानात जाऊन बसले आणि १८११ साली हा संप काही आठवडे चालला. अखेर तो कर मागे घ्यावा लागला. मुन्शी घाट त्यानंतर लगेचच बांधला गेला. १८९१ साली भदैनी येथील पाणीपुरवठ्याच्या कामात एक राममंदिर पाडले जाण्याच्या शंकेने शहरात दंगल उसळली. नळाचे पाणी शहराला हवेच होते. पण त्यासाठी काय जाणार, हे लोकांना विश्वासात घेऊन सांगितले गेले नव्हते.

महाराष्ट्रासाठी अर्थ

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिर परिसरातही असाच मार्ग करण्याचा प्रस्ताव पुढे आल्यावर २०२२ साली तेथील रहिवासी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या तोंडी उदाहरण काशीचेच होते. नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२५ साली नागरिक रस्त्यावर आले. वांद्र्याच्या रावसाहेब पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळ करण्याच्या योजनेला २०२३ साली स्थानिकांनी हरकत घेतली. आक्षेप होता तो जुन्या झाडांच्या मुळांचा आणि मुरणाऱ्या पाण्याचाच.

मलबार हिलचे उदाहरण वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. तेथील फिरोजशहा मेहता उद्यान ब्रिटिशकालीन जलाशयाच्या छतावर आहे. जलाशय नव्याने बांधण्यासाठी उद्यान काही वर्षे बंद ठेवावे लागणार होते आणि शेकडो झाडांवर परिणाम होणार होता. २०२३ साली नागरिकांनी आवाज उठविल्यानंतर मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापकांचा समावेश असलेली समिती नेमण्यात आली. जलाशय रिकामा करून आतून पाहणी झाली आणि पुनर्बांधणीऐवजी दुरुस्तीचा पर्याय पुढे आला. भावनिक वाटणाऱ्या विरोधाला तांत्रिक तपासणीची जोड मिळाली, की प्रश्नाचे स्वरूप कसे बदलते, हे येथे दिसले.

पुढे काय?

वाराणसीतील बदल थांबलेले नाहीत. कँट स्थानकापासून गोदौलियापर्यंतच्या रोपवेचे भूमिपूजन मार्च २०२३ मध्ये झाले. बेनियाबागेजवळच्या नई सडकेपासून चौकापर्यंत जाणाऱ्या दालमंडीच्या रुंदीकरणाची पायाभरणी ऑगस्ट २०२५ मध्ये झाली असून तेथील दुकानदारांत अस्वस्थता आहे. गर्दी वाढते आहे, त्यामुळे काहीच करू नये, हा पर्याय कोणापुढेही नाही.

प्रश्न आहे तो क्रमाचा. आराखडा ठरल्यानंतर मत विचारले, तर उत्तर फक्त होय किंवा नाही असे येते. आराखड्यापूर्वी विचारले, तर कोणती गल्ली राखता येईल, कोणते झाड वाचेल, कोणत्या भाडेकरूला जवळच गाळा देता येईल, यावर बोलता येते. मालकांच्या यादीबरोबर भाडेकरू, फेरीवाले आणि पुजारी यांचीही नोंद झाली, तर ज्यांची झळ मोठी त्यांचा आवाज क्षीण राहत नाही. उद्घाटनानंतर देखभाल कोण करणार, बाग किती वाजता बंद होणार आणि प्रवेशाला शुल्क असणार का, हेही आधीच जाहीर व्हावयास हवे. मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर दोनशे वर्षांत अशी सूचना लावावी लागली नाही. नव्या जागांबद्दल मात्र हे लेखी ठरवूनच घ्यावे लागेल.