विषय वेगळा, आशय वेगळा

चित्रपटाचा विषय आणि त्याचा आशय यात आपण नेहमी गल्लत करतो. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) घ्या. विषय कोणता? विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या. बरं, मग आशय? माझ्या मते तो असा: आपला माणूस जिवाचं काही करून तर घेणार नाही, या धास्तीत घर कसं जगतं.

आता बघा, या एका वाक्यानं किती निर्णय ठरतात. शेजारचा शेतकरी जीव देतो, तिथून धास्ती सुरू होते. पण ती किसनाला, म्हणजे गिरीश कुलकर्णीला नाही. त्याला तर पीक काढायचंय. धास्ती आहे त्याच्या बायकोला, अलकाला. सोनाली कुलकर्णीची ही अलका पोराला बापावर नजर ठेवायला लावते. पोरगं मागं-मागं फिरतं, तेव्हा आपल्याला हसूही येतं अन् पोटात गोळाही येतो. आणि नाव? वऱ्हाडी शिवीच! ज्याची वाट पाहायची, त्यालाच शिवी द्यायची. हे अकोला-अमरावतीत मी काय सांगावं?

दिग्दर्शकानं नुसता विषय धरला असता, तर कॅमेरा मृत्यूकडं वळला असता. धास्ती धरली, म्हणून तो जागत्या घराकडं वळला. आत्महत्यांचे आकडे तर पेपरातही येतात. हे घर येत नाही.

तुम्ही शॉर्टफिल्म करत असाल, तर आधी असं एक वाक्य लिहा. मग प्रत्येक प्रसंगाला विचारा, तू या वाक्याचं काय काम करतोस? उत्तर आलं नाही, तर प्रसंग कितीही आवडता असो, काढा.