पदवी एकच, पगार चार

आजचा भाग एका आईच्या प्रश्नावरून सुचला. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला बरे मार्क आहेत, पण एमबीबीएसला पुरतील असे नाहीत. आई विचारते, "डॉक्टरकी सोडून दवाखान्याच्या लाइनमध्ये पगार कशात चांगला?" मी यादी करायला बसलो आणि अडलो. कारण पगार नुसत्या पदवीवर ठरत नाही. हजेरीपट कोणाचा, यावर ठरतो.

नर्सिंगचंच उदाहरण घेऊ. आधी ससून, म्हणजे राज्य सरकार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. तुलनेला सांगतो, राज्याच्या सेवेत औषधनिर्माण अधिकाऱ्याचं २९,२०० पासून आणि एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचं ५६,१०० पासून. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं.

तीच नर्स नागपूरच्या एम्समध्ये लागली तर? ते केंद्राचं. सुरुवात ४४,९०० पासून.

आता पुण्यातच परत या. एएफएमसीमध्ये नर्सिंग कॉलेज आहे, मुलींसाठी. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. तिथून बाहेर पडणारी मुलगी लष्कराच्या नर्सिंग सेवेत लेफ्टनंट होते. मूळ वेतन ५६,१००, म्हणजे राज्याच्या डॉक्टरइतकंच! वर सैन्यसेवेचं वेतन वेगळं मिळतं. पण बाँड असतो, बदल्या असतात. आणि प्रवेशाला नीटचेच मार्क बघतात. या ताईंना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

चौथा हजेरीपट खासगी. इथे २०१६ साल लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खाटांवरून हिशोब मांडला. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार. शंभर ते दोनशे असतील तर फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभरला फार तर २५ टक्के कमी. पन्नासच्या आत असतील तरी महिना २०,००० च्या खाली नाही. पण ही शिफारस आहे, आपोआप खिशात येत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी पहिल्या मुलाखतीला गेली, तेव्हा तिला हा हिशोब माहीतच नव्हता. समोरच्याने आकडा सांगितला, ती "चालेल" म्हणाली.

आणि या सगळ्याच्या खाली आशाताई. सरकार त्यांना कर्मचारी नाही, स्वयंसेविका म्हणतं. म्हणून त्यांना पगार नाही, मोबदला मिळतो. २०२३-२४ मध्ये राज्यभर संप केला, तेव्हा कुठे राज्याने महिना ५,००० रुपये वाढ मान्य केली. काम आरोग्याचंच, पण एका शब्दाने वेतनश्रेणी गेली, पेन्शन गेली.

तर ताई, कॉलेज बघायला जाल तेव्हा "पगार किती?" एवढंच विचारून येऊ नका. इथून पास झालेल्या मुली कुठे लागल्या? कायम की कंत्राटी? पीएफ कापतात का? बाँड किती वर्षांचा? मुलाखतीला गेल्यावर खाटा किती, हे लेकीला विचारू द्या. लॅब, एक्स-रे, फिजिओथेरपी, कशालाही गेली तरी हेच प्रश्न.

आणि एएफएमसीचा अर्ज या वर्षीच बघा. जागा मोजक्याच असतात.